दारापासून खाटेपर्यंत बावीस तास

आमची आक्का आयुष्यात एकदाही विमानात बसलेली नाही. पण आमच्या तिकिटांच्या दुकानात विमानप्रवासाबद्दल शेवटचा शब्द तिचाच! मी तिचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटरवर बसतो आणि चिडचिड करतो.

तिची पद्धत अशी. परत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चहा पाजायचा आणि उलटतपासणी घ्यायची. विमान बदलताना किती चाललात? रांग केवढी होती? बस लागली का? सगळं वहीत उतरवायचं. "विमानतळ ते विमानतळ हा विमानाचा हिशोब. माणूस घरातून निघतो रे," म्हणते. मला वाटायचं, नसती उठाठेव.

एकदा दुकान उघडतोय तोच कोपऱ्यावरचा सुतार धापा टाकत आला. अंगावर भुसा तसाच. परदेशातला त्याचा थोरला भाऊ अत्यवस्थ होता. दोघांत अकरा वर्षं अबोला. आणि पहाटे पुतण्याचा फोन आला, की डॉक्टर एक दिवस म्हणतायत, पुढचं सांगता येत नाही. व्हिसा पुतण्यानं आधीच काढून ठेवला होता.

"एकला सुटून साडेसातला पोचतं ना एक विमान? साडेसहा तासांत येतो म्हणून सांगून बसलोय."

"अहो, तिथलं घड्याळ साडेपाच तास मागे आहे!" मी कपाळाला हात लावला. "साडेआठ हजार किलोमीटर. नुसतं उडायलाच अकरा तास. घरापासून धराल तर सोळा."

मी तेच तिकीट काढत होतो, तर आक्कानं माझा हात धरला. "ह्यात मधे विमान बदलायला पंचेचाळीसच मिनिटं मिळतात. शाळेतल्या बाईंना चालायलाच पस्तीस लागली होती. पहिलं विमान जरा रखडलं की संपलं. मग पुढचं एकदम उद्या."

तिनं काढायला लावलं ते भलतंच. आधी दोन तास चक्क उलट्या दिशेला, मग एकच लांबलचक उड्डाण. दारापासून भावाच्या खाटेपर्यंत बावीस तास.

मी भडकलो. "सहा तास जास्त! भाऊ गेला तर काय तोंड दाखवशील ह्यांना?"

"हेच दाखवीन. तू छाप तिकीट."

सुतार आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. "ताई, तुम्ही म्हणाल तसं," म्हणाला आणि पळाला.

संध्याकाळी मी फोनवर माझ्या त्या रद्द झालेल्या बेतातलं पहिलं विमान शोधलं. उतरलं होतं, पन्नास मिनिटं उशिरा. म्हणजे पुढचं चुकलंच असतं! पण जिवाला चैन कुठे? बावीस तास म्हणजे काही थोडेथोडके नव्हेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. आक्कानं तो स्पीकरवर टाकला. मागे कुणीतरी खोकत खोकत ओरडत होतं.

"ऐकताय ना, ताई? अकरा वर्षांच्या शिव्या एकदम देतोय मला," सुतार म्हणाला, आणि हमसून हमसून रडायला लागला.