बारा बोअरवाल्यांची बंदूक

पुसेगावात आमच्या घराला अजूनही 'बारा बोअरवाले' म्हणतात. कारण अण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची, दोनाली बंदूक. मला कळायला लागल्यापासून तिचा एकही बार उडालेला न्हाई. हरभऱ्यात रानडुकरं शिरली की अण्णा ती खांद्यावर टाकून बांधावर जायचे आणि असे बोंबलायचे, की डुकरंच काय, शेजाऱ्याची बैलंही दावं तोडून पळायची. काडतूस काहून घालत न्हाई विचारलं, की म्हणायचे, "बारा बोअर हाय बाबा, खेळ न्हाई."

यंदा अण्णांना ऐंशीवं लागलं आणि परवाना माझ्या नावावर करायचं ठरलं. अर्जात बंदुकीचा बोअर, म्हणजे नळीचं माप, आणि नंबर लिहावा लागतो. जुन्या परवान्यावर नेमकी तिथंच शाई पसरलेली. चुकीचं लिहिलं तर अर्ज परत आणि बंदूक ठाण्यात जमा. ती गेली तर गावात कोणत्या तोंडानं फिरू, एवढंच अण्णा म्हणत राहिले. जेवणावरचं लक्षच उडालं त्यांचं.

बोअर तर बाराच, म्हटलं नंबर तेवढा शोधावा. बघतो तर नळ्यांच्या मुळाशी दरसालच्या दसऱ्याच्या शेंदराचे थर. बोटभर! पूजा मायची, शेंदूरही मायचाच. मी डिझेलचा बोळा घेऊन बसलो तशी ती दोनदा येऊन राहू दे म्हणाली. मी कुठला ऐकतो. तासाभरानं नंबर निघाला आणि त्याच्या शेजारी कोरलेला आकडा, अठ्ठावीस.

मी तर हरखूनच गेलो. कुठं बारा अन् कुठं अठ्ठावीस! आपला बाप उगाच कमी सांगत आला म्हणून छाती फुगली. लगेच फोटो काढून बंदुका दुरुस्त करणाऱ्या हिंगोलीच्या चाचांना पाठवला. चाचा फोनवर खोकला लागेस्तोवर हसले. आकडा वाढला की नळी बारीक होते म्हणे. बाराचं काडतूस हिच्यात शिरणार सुद्धा न्हाई. ही तित्तर-बटेर असली पाखरं मारायची. डुकराला लागली तर ते अंग खाजवून पुढं चालू लागेल.

मला आधी हसू आलं, मग अण्णा आठवले. एवढी वर्षं हा माणूस हिच्या जिवावर मिशीला पीळ देऊन राहिला. चुलीपाशी जाऊन मायला हळूच सांगितलं. तिचा भाकरी थापायचा हात थांबला न्हाई.

"मला लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला दिसलं होतं. पाव्हणेरावळे वाचतील म्हणून शेंदूर थापला. मला ठाऊक हाय एवढं त्यांला कळू देऊ नको."

अर्जात अठ्ठावीस लिहिलं. अण्णांनी न वाचताच सही ठोकली. परवाना दसऱ्याच्या आधी हातात आला.

दसऱ्याला बंदूक पाटावर ठेवली. मायनं शेंदरात बोट बुडवलं आणि ती आकड्यापाशी आली. समोर बाजेवर बसलेले अण्णा तेवढ्यात मान वळवून गोठ्याकडं बघू लागले, आणि तिचं थापून होईस्तोवर तिकडंच बघत राहिले. दर दसऱ्याला ते असेच बघतात. मला वाटायचं, बैलांकडं लक्ष असेल.