मायनं तुलेच हाक मारली होती

फोन आला तेव्हा मी हिंगणघाटच्या भाजीबाजारात होतो. सकाळची वेळ, हर्रास ऐन रंगात आलेला, अडत्या बोली लावत लावत माझ्या वांगी भरलेल्या कट्ट्यांपर्यंत पोचला होता. "भाईसाब, यूनुस बोल रहा हूँ, मस्कत से... आप अकेले हैं क्या?" माझ्या चारी बाजूंनी माणसंच माणसं होती. मी म्हणालो, "हां, अकेला हूँ." प्रमोद, माझा धाकटा भाऊ, पहाटे गेला होता. हृदयविकाराचा झटका. दोन दिवस दवाखान्यात होता आणि घरी कोणालाच माहीत नव्हतं. "उन्होंने ही मना किया था," यूनुसभाई रडत रडत सांगत होते. "बोले, घर पे मत बताना, वहाँ बैठे-बैठे क्या कर लेंगे, खाली परेशान होंगे." मी ऐकत होतो आणि अडत्या विचारत होता, "गुरुजी, देऊ का? गुरुजी?" मी मान हलवली. वांगी कोणी घेतली, काय भावानं घेतली, मला आजही माहीत नाही. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. यूनुसभाईंनी सांगितलेलं ते वाक्य माझं होतं. प्रमोदनं ते माझ्याकडूनच उचललं होतं.

नागपूरच्या विमानतळावरून त्याला आणलं ते लाकडी पेटीत. पेटी आमच्या घराच्या दारातून आत जाईना. उभी करावी तर आत माणूस आहे, आडवी घ्यावी तर चौकट अरुंद. गावातली पोरं, म्हातारे, सगळे दाराशी उभे राहून माप काढत होते, आणि कोणीतरी हळूच म्हणालं, "अंगणातच ठेवा ना जी, कायले त्याले त्रास." अंगणातच ठेवलं. ज्या घराला त्यानं स्वतः रंग दिला, छपराचे पत्रे बदलले, त्या घरात त्याला शेवटचं नेता आलं नाही. वेणा नदीच्या काठावर, आमच्या भाजीच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर, त्याला अग्नी दिला. त्याला काही आठवडे झाले. मी शाळेत जातो, मुलांना शिकवतो, संध्याकाळी वाडीत पाणी सोडतो. कोणी विचारलं तर 'ठीक आहे' म्हणतो. आमच्या घरात या एका शब्दानं फार नुकसान केलं आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

बाबा लवकर गेले. आम्ही दोघं भाऊ मायच्या हाताखाली भाजीतच वाढलो. पहाटे मेथीच्या जुड्या बांधायच्या, वांगी पुसून कट्ट्यात भरायची, मग शाळा. मी शिकलो, गुरुजी झालो. प्रमोद आयटीआय करून एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन झाला, आणि तिथल्याच एका ओळखीतून मस्कतचं काम निघालं. निघण्याआधी माय त्याला गिरडला टेकडीवर घेऊन गेली, दर्ग्यात फूल वाहिलं, आणि पुढं तो प्रत्येक सुट्टीहून परत जाताना तिनं हा नेम चुकवला नाही. लग्न मी केलं नाही. केलं नाही म्हणजे राहूनच गेलं. मायजवळ कोणीतरी पाहिजे होतं, आणि तो कोणीतरी मीच, हे कोणी न बोलताच ठरलं होतं. प्रमोदची बायको सुलभा आणि मुलगी पुढं मुलीच्या शाळेसाठी सिंदी मेघेला राहायला गेल्या. गावातल्या घरात मी आणि माय असे दोघंच उरलो.

परदेश म्हटलं की आपल्याकडे एकच चित्र डोळ्यांपुढं येतं. आमच्या गावचा एक मुलगा अमेरिकेत संगणकाच्या कामावर आहे. तो आला की शाळेत त्याचा सत्कार होतो, शाल मीच आणतो. प्रमोद इतकी वर्षं आला-गेला, त्याला कधी शाल मिळाली नाही. गावात तो 'आखातवाला' होता, म्हणजे पैसेवाला, आणि तिथं मस्कतच्या त्या बिल्डिंगांमध्ये तो विजेची तक्रार आली की पेटी घेऊन जाणारा माणूस होता. दोन्हीकडची मंडळी त्याला अर्धाच ओळखत होती. घरी आला की बॅगा उतरायच्या आत लोक विचारायचे, "कधी आला?" आणि लगेच, "कधी चाल्ला?" एकदा तो हसत मला म्हणाला होता, "दादा, माह्या गावात मलेच सारे पाहुणा समजून राह्यले. पानी तं गिलासात देतेत, तेबी ताटलीवर ठेवून." मी हसलो. त्या वाक्यात काय आहे ते पाहिलं नाही.

आणि तिथं तो दुःखातच होता असंही नाही. हे मला तो गेल्यावर कळलं. यूनुसभाई त्याचे खोलीतले सोबती, लखनौच्या बाजूचे. त्यांनी मला काही व्हिडिओ पाठवले. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत प्रमोदनं वांगी लावली आहेत. शुक्रवार, सुट्टीचा दिवस, आणि तो गॅसवर वांगी भाजतोय. भोवती केरळचे, नेपाळचे, बांगलादेशचे लोक बसलेत, त्याला 'उस्ताद' म्हणतायत. कोणीतरी विचारतं, "उस्ताद, कितनी मिर्ची?" आणि हा म्हणतो, "जितनी में तू रोए, उतनी." सगळे हसतात. तो सगळ्यात मोठ्यानं हसतो. आमच्या घरात तो असा कधी हसला नाही. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतो, आणि प्रत्येक वेळी वाटतं की या माणसाची माझी ओळख व्हायला हवी होती.

दर शुक्रवारी त्याचा व्हिडिओ फोन यायचा. मी मायला धुतलेलं लुगडं नेसायला लावून ओसरीत बसवायचो. वाडीत कीड पडली असली तर मी फोन चांगल्या ओळीकडे फिरवायचो. तोही पलीकडून खिडकीकडे पाठ करून बसायचा, म्हणजे खोलीतले एकावर एक पलंग दिसू नयेत. "बरं हाय का?" "बरं हाय. तुहं?" "एकदम मस्त." बाहेर माणूस असलेल्या घरांत हे असंच चालतं. दूर आहे, त्याला कशाला घोर. तिथून कशाला कळवायचं, रडतील. प्रेमापोटीच करतो आपण हे... असं मीही म्हणत आलो.

माय न्हाणीत पडली तेव्हा प्रमोदला सुट्टीवरून परत जाऊन महिनाच झाला होता. तिची उजवी बाजू गेली. बोलणं अडखळत का होईना, राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, सेवा करा. मी प्रमोदला कळवलं नाही. शुक्रवारी फोन आला की 'माय झोपली' म्हणायचो. सुलभालाही 'पडली होती, ठीक आहे' एवढंच सांगितलं, मुलीची परीक्षा होती. मनाशी म्हणालो, कळलं तर हा सगळं टाकून येईल, नवा करार हातचा जाईल. हे कारण खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तो आला की माय माझ्याकडे बघायची नाही. वर्षभर मी तिचं करायचो, आणि हा आला की ती खाटेवर उठून बसायची, तिला भूक लागायची, तिच्या तोंडी गाणी यायची. मला वाटलं, या वेळी तरी ती माझ्या हातची राहू दे.

मी तिला पेज भरवत असायचो आणि ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत विचारायची, "पमू आला का?" मी म्हणायचो, "येऊन राह्यला माय. विमानात बसला." "मंग एवढा वेळ काऊन लागून राह्यला?" "दूर हाय ना माय." मग ती म्हणायची, "त्याच्यासाठी भाकर झाकून ठेवजो. भुकेला येईन." मी रोज एक भाकर झाकून ठेवायचो, तिला दिसेल अशी. सकाळी ती शिळी भाकर मीच खायचो. शेवटच्या दिवशी तिची नजर धूसर झाली होती. मी तिच्या तोंडात पाण्याचे थेंब सोडत होतो, तर माझा हात धरून ती म्हणाली, "पमू?" मी दुसऱ्या हातानं तिच्या ओठांवरचं पाणी पुसलं. तिनं पुन्हा हाक मारली. नुसती 'ओ' द्यायची होती. माझं काय जात होतं? पण मी ती दिली नाही. तिनं हात सोडला, मान दाराकडे वळवली आणि तशीच गेली.

प्रमोद दहाव्याला पोचला. कार्य आटोपल्यावर आम्ही दोघं वाडीत बसलो. माय बरेच दिवस अंथरुणात होती हे त्याला गावात कळलं होतं. मला वाटलं, आता भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तू सांगतलं नाई, ते समजतो दादा मी. तुह्या जागी मी असतो तं मीबी नाई सांगतलं असतं." मग वांग्याच्या झाडाचं एक पिवळं पान तोडून बोटांनी चुरत राहिला. "एवढंच सांग. मायनं माही याद केलती का?"

"नाई रे," मी म्हणालो. "झोपीतच गेली. कोनालेच आवाज नाई देल्ला."

"बरं झालं," तो म्हणाला. "तरास नाई झाला तिले." आणि उठून पाण्याची नाली साफ करायला लागला.

हो म्हटलं तर आयुष्यभर त्याला ते बोचेल, म्हणून मी नाही म्हणालो, असं मी स्वतःला समजावलं. खरं असं की मायच्या मरणाजवळ मी एकटा होतो, आणि तेवढी एक गोष्ट माझी, फक्त माझी राहावी असं मला वाटलं. तिथंही हाक त्यालाच होती, हे मला त्याला द्यायचं नव्हतं. नंतर तो सुट्टीवर आला की सिंदी मेघेलाच राहायचा, गावात सकाळी येऊन दुपारी जायचा. गिरडला गेला नाही. मी म्हणायचो, पोरीत रमला.

प्रमोदच्या तेरवीनंतर यूनुसभाईंचा पुन्हा फोन आला. खूप वेळ बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, "माँ की बात पे चुप हो जाते थे. एक बार बैंगन भूनते हुए बोले, यूनुस, आदमी बहुत साल बाहर रहे ना, तो माँ को भी आदत छूट जाती है. मेरी वाली ने जाते वक्त मुझे आवाज़ तक नहीं दी." मी फोन कानाशी धरून ओसरीत उभा होतो. यूनुसभाईंना वाटलं, लाइन तुटली. "भाईसाब? भाईसाब?" इतकी वर्षं माझा भाऊ हे घेऊन जगला. आमच्यापासून लपवून, हसत, दर शुक्रवारी 'एकदम मस्त' म्हणत. मग त्यांनी शेवटच्या रात्रीचं सांगितलं. प्रमोद शुद्धीत-बेशुद्धीत होता, एकसारखं सुलभाचं नाव घेत होता; काय म्हणत होता तेही त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. "भाभी को मत बताइए," यूनुसभाई म्हणाले. "दिल टूट जाएगा. बोल दीजिए, नींद में गए."

दुसऱ्या दिवशी मी सिंदी मेघेला गेलो. सुलभानं चहा आणून ठेवला, मागं जाऊन पाण्याच्या मोटरचं बटण दाबून आली, आणि माझ्यासमोर बसली. मुलगी कॉलेजात गेली होती. मग तिनंच विचारलं, "दादा, झोपीतच गेले ना जी ते?"

तिनं माझ्यापुढं वाट मोकळी करून दिली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाई," मी म्हणालो. "जागा होता. तुहं नाव घेत होता सारखा."

तिच्या हातात चहाची बशी होती. तिनं ती खाली ठेवली. "काय म्हणत होते?"

"सुलभा, मोटर बंद कर... एवढंच. पुन्हा पुन्हा."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसायला लागली, आणि हसता हसताच रडायला. या घराचं सगळं वायरिंग त्यानं स्वतः केलं होतं. एकच काम राहिलं होतं. टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी अशी सोय पुढच्या सुट्टीत करतो म्हणायचा आणि दर सुट्टीत ते राहायचं. तोवर सुलभा मोटर लावून विसरायची, टाकी वाहायची, आणि फोनवर बोलता बोलता तो मस्कतहून ओरडायचा. "एवढ्या दुरून आयकू जाये जी त्याईले," ती डोळे पुसत म्हणाली. "मी इथं बसून असो, मले नाई आयकू ये."

मग मी तिला मायचं सांगितलं. सगळं. झाकलेल्या भाकरीसकट, न दिलेल्या ओसकट. ती ऐकत होती. मला धीर देणारं काही ती बोलली नाही, आणि बोलायलाही नको होतं. फक्त म्हणाली, "त्याईले सांगाले पायजे होतं, दादा."

"हो," मी म्हणालो.

बाहेर टाकी भरून वाहायला लागली होती. पाणी सज्ज्यावरून खिडकीपुढं पडत होतं, अंगणातल्या फरशीवर त्याचा आवाज होत होता. मी उठायला लागलो तर ती म्हणाली, "राहू द्या जी... वाहू द्या थोडं." आम्ही दोघं त्या पाण्याकडे बघत बसलो. चहा गार झाला. बऱ्याच वेळानं ती उठली, पदर खोचला, मागं गेली. बटणाचा आवाज आला आणि पाणी हळूहळू थांबलं.

"केली बंद," आतून तिचा आवाज आला. माझ्याशी ती बोलत नव्हती.