साडू आणि जुना कॅलिपर

देवाने माणसाला दोन डोळे दिले, ही गोष्टसुद्धा माझ्या साडूंनी दोन्हींचं माप घेतल्याखेरीज मान्य केली नसेल. अंबडच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं माल तपासायला होते. आलेल्या प्रत्येक नगाकडे संशयाने बघायचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर तेच काम ते फुकट आणि सगळ्या जगासाठी करू लागले. लोक खिशात पेन ठेवतात, हे व्हर्नियर ठेवतात. कागदाची जाडीसुद्धा सांगणारी ती पोलादी मोजपट्टी रुमालात गुंडाळलेली असते. कुकरची रिंग आणायला झाकण घेऊन जातात. मेव्हणीला चप्पल आणायची तर तिच्या पावलांचे कागदावर काढलेले नकाशे नेतात. पुतणीला स्थळ बघायला गेलो, तेव्हा बाकीचे पत्रिकेत गुंतलेले असताना यांनी मुलाच्या वडिलांना शांतपणे विचारलं, "पाच वर्षांत काही मोठी दुरुस्ती?" ते स्थळ हातचं गेलं. साडूंच्या मते ते बाद झालं.

अशा माणसाला मी आपण होऊन ब्रेकबद्दल सल्ला विचारला, यावरून माझी अक्कल कळावी. मुलीला नांदगावला नोकरी लागली होती. आमची म्हातारी गाडी घेऊन ती हायवेने, कांद्याच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत, एकटी जाणार-येणार होती. आणि नेमका पुढच्या डाव्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक दाबला की चकतीला धरणारा चिमटा, जाम झाला. गाडीचं मॉडेलच बंद झालेलं, त्यामुळे नवा मिळेना. जुन्या स्पेअर पार्टच्या गल्लीत शोधणं आलं. साडू म्हणाले, "आपला काढून बरोबर न्यायचा. तोंडी सांगून ब्रेक मिळत नसतो."

मग तीन संध्याकाळी आम्ही दोघं तो तेलकट गोळा पिशवीत घालून दुकानोदुकानी हिंडलो. साडू भोकांमधलं अंतर मोजत, आतल्या पिस्टनचा व्यास मोजत, रबर नखाने खरवडून त्याचा वास घेत आणि नग परत करत. एका दुकानदाराने कळवळून सांगितलं, "काका, सेम टू सेम आहे. डोळे झाकून लावा." साडू म्हणाले, "डोळे झाकून लावायला ते काय कुंकू आहे?" त्यानंतर आम्हाला लांबून बघूनच दुकानदारांना जेवणाची आठवण होऊ लागली.

मुलीला सोमवारी सकाळी रुजू व्हायचं होतं. रविवारी सकाळी मी साडूंना न कळवता, ती पिशवीही घरी ठेवून, कॅलिपरवरचा नंबर तेवढा चिठ्ठीवर लिहून एकटाच गेलो. दहा मिनिटांत कॅलिपर मिळाला. नंबर जुळला. गॅरेजमध्ये भोकंही जुळली. मिस्त्री चार गाड्यांत गुंतलेला. त्याने तो बसवून टाकला. तीन संध्याकाळचं काम दहा मिनिटांत उरकल्याचा आनंद मी दुपारपर्यंत उपभोगला.

दुपारी मुलीला घेऊन गॅरेजमध्ये गाडी आणायला गेलो. ब्रेक दाबला, तर पेडल गादीसारखं खाली गेलं. पाइपात हवा राहिली होती. मिस्त्रीने हवा काढायचा स्क्रू ढिला केला, पेडल मारलं, तेल ओतलं, पुन्हा मारलं. संध्याकाळ झाली तरी पेडल मऊ ते मऊच. एवढ्यात साडू आले. त्यांना बहुधा माझ्या बायकोने फोन केला असावा. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले, क्षणभर बघितलं आणि नखाने कॅलिपरवरचा काळा मळ खरवडला. खालून इंग्रजी 'आर' निघाला.

"उजव्या चाकाचा आहे," ते म्हणाले. "डावीकडे लावल्यावर स्क्रू खाली गेला. हवा वर जाते. खालून ती कशी निघेल?"

मी आता व्याख्यानाची वाट बघू लागलो. तो त्यांचा हक्कच होता. पण ते मुलीला एवढंच म्हणाले, "उद्या एसटीने जा. गाडीचं मी बघतो." मग माझ्याशेजारी बाकावर बसले आणि बराच वेळ बोटांचा मळ पुसत राहिले. मला फार ओशाळल्यासारखं झालं होतं. मी म्हणालो, तुमच्यामुळे आज वाचलो.

"तीस वर्षांत हजारो नग बाद केले," ते म्हणाले. "सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या, दुकानदारांच्या खाल्ल्या. वाचलो म्हणून सांगायला कुणी आलं नाही. कसं येणार? जे घडलंच नाही, ते कुणाला कळतं?"

एवढं बोलून ते उठले आणि मिस्त्रीने तो कॅलिपर काढून चाकाचे नटबोल्ट नीट घट्ट केले का ते बघायला गेले.

सोमवारी मुलीचा फोन आला, वेळेवर पोचले म्हणून. साडूंना फोन करता आला असता, पण मी उठून त्यांच्या घरी गेलो. दारातच सांगितलं, "पोरगी सुखरूप पोचली." त्यांनी मान हलवली. मग मला आत बोलावून खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा. नीट ऐकू आलं नाही."