आजीने पूल ओलांडला

"इनका दिल मिनट में बस बत्तीस बार चल रहा है," ईसीजीचा कागद हातात धरून डॉक्टर म्हणाले. "कम्प्लीट हार्ट ब्लॉक है. पेसमेकर आज ही लगाना होगा."

कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा विजेचा इशारा वाटेतच अडतो. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. 'ब्लॉक' म्हणजे हार्ट अटॅकच, असं समजून मी तिथेच रडले.

तुमच्या घरातलं म्हातारं माणूस चालताना घेरी येऊन बसत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. आजी महिनाभर संकठा घाटाच्या पायऱ्यांवर अशी बसत होती. आम्ही तेच म्हणत होतो.

गंगेच्या आमच्या काठावरच्या रुग्णालयात त्या दिवशी जागा नव्हती. डॉक्टरांनी गंगेपलीकडच्या एका रुग्णालयात सोय केली, आणि खरी अडचण तिथेच आली.

आजोबा गेल्यावर आजीने क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. अकरा वर्षं तिने पूल ओलांडला नव्हता. त्यात आमच्याकडे मानतात, काशीत मरण आलं तर मोक्ष आणि पलीकडच्या काठावर आलं तर गाढवाचा जन्म.

बाबा यात्रेकरूंसाठी स्वयंपाक करतात. अशा वेळी ते आजीच्या धाकट्या भावाकडे, अप्पांकडे बघतात. अप्पा पौरोहित्य करतात.

अप्पा चाचरत म्हणाले, "अक्का, पलीकडे काही बरंवाईट झालं तर?"

"तर गाढव होईन. तुझं ओझं आत्ताही वाहतेच आहे."

मग तिने मला विचारलं, "तुझं कॉलेज किती राहिलं?"

"दीड वर्ष."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. ती डॉक्टरांकडे वळली, "मशीन डेढ़ साल चलेगा?"

"आठ-दस साल चलेगा, अम्माजी."

"मग चला. व्रत माझं आहे, मीच मोडते. पापात कुणी वाटा मागू नका."

तिथला संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता. फोनवर शब्दांचे अर्थ शोधत मी तो बाबांना वाचून दाखवला. मी बोट ठेवलं तिथे बाबांनी सही केली. माझा एखादा शब्द चुकला असेल का, या भीतीने मी बाहेरच्या बाकावर बसले होते.

पेसमेकर सहसा डाव्या बाजूला गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात. बहुतेक वेळा तेवढाच भाग बधिर करतात. तासाभराने आजीला बाहेर आणलं. तिने दोन्ही हात कानांकडे न्यायला सुरुवात केली.

"अम्मा, बायाँ हाथ मत उठाइए!" नर्स ओरडल्या.

आजीने उजव्या हाताने उजवा कान चाचपला. "निदान एक तरी वाढलेला नाही," ती म्हणाली. नर्सना गाढवाच्या जन्माचं सांगितल्यावर त्याही हसल्या.

दीड वर्षाने मी पदवी घेतली. माझं नाव पुकारलं तेव्हा नऊवारी सावरत आजी उभी राहिली. मागून "माताजी, बैठ जाइए" असा गलका झाला. ती बसली नाही.

आजी या माघात गेली. न्यूमोनिया झाला होता. मंगला गौरीजवळच्या आमच्या घरी, सकाळी, मुखात गंगाजळ असताना गेली. याच काठावर.

खाली तिरडी बांधत होते. मी मोठ्यांच्या मध्ये कधी बोलत नाही, पण तेव्हा बोलले. "थांबा. पेसमेकर आधी काढावा लागतो. चितेच्या आगीत तो फुटतो." डिस्चार्जचे कागद मी पुन्हापुन्हा वाचले होते. तुमच्याकडेही कुणाला पेसमेकर असेल तर एवढं लक्षात ठेवा.

अप्पा रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "डॉक्टरांना बोलाव. अक्काने व्रत मोडून आणलेली वस्तू आहे, जपून उतरवा."

तेराव्यानंतर मी डॉक्टरांनी काढून दिलेला पेसमेकर परत द्यायला एकटीच पलीकडच्या रुग्णालयात गेले. त्या नर्स भेटल्या. त्यांना आजी आठवत होती. मी त्यांचे आभार मानले, इतकी वर्षं राहूनच गेले होते.

परतताना पुलावर मी कान चाचपून पाहिले. दोन्ही. आजीचा एक चाचपायचा राहिला होता.