लाल चौकटीतला आराखडा

नवरा गेल्यावर वहिनी ऑफिसात येऊन बसायला लागल्या, तेव्हा दिराने तोंड वाकडं केलं नाही. उलट स्वतः खुर्ची ओढून दिली. मोठा गोड माणूस. गोड माणसांशी भांडायची पंचाईत असते, ती अशी.

भावाभावांचा धंदा नाट्यगृहांत दिव्यांची आखणी करून देण्याचा. कुठला दिवा कुठल्या पाइपवर, किती उंचीवर, कुणाच्या तोंडावर. नवऱ्याशेजारी बसून वहिनी ते सगळं शिकल्या होत्या. नव्या नाट्यगृहाचं काम आलं तसा दीर म्हणाला, "हे तुम्ही एकट्या करा. जमलं, तर पाटीवर दादाच्या जागी तुमचं नाव."

ते 'जमलं तर' वहिनींनी गिळलं आणि लॅपटॉप पुढे ओढला.

पूर्वी एकदा मेलमधून व्हायरस शिरून ऑफिसचं होतं नव्हतं ते गेलं होतं. तेव्हापासून दिराने लॅपटॉपवर कडेकोट सुरक्षेची सिस्टिम बसवली होती. एकाच यंत्राच्या पोटात वेगवेगळ्या खोल्या: बँकेची वेगळी, कामाची वेगळी आणि परक्याची फाइल उघडायला लाल चौकटीची. एका खोलीतली कीड दुसरीत जात नाही.

"आणि काम झालं की खिडक्या बंद करत चला, वहिनी. दादासारखा पसारा नको."

नाट्यगृहाच्या मॅनेजरने मेलवर पाठवलेला नकाशा लाल चौकटीत उघडला. वहिनींनी त्यावरच दिवे मांडायला घेतले. संध्याकाळी सेव्ह करायचं, खिडकी उघडीच ठेवून झाकण मिटायचं. सकाळी सगळं जागच्या जागी. अखेर विंगेतल्या अंधारात नटाला पायरी दिसावी म्हणून एक बारकासा निळा दिवा लावला, सेव्ह केलं आणि दिराच्या शब्दाला मान देऊन खिडकीही बंद केली.

दुसऱ्या सकाळी फाइल सापडेना.

"लाल खोलीत केलंत?" दिराने कपाळाला हात लावला. "ती वापरून टाकायची खोली, वहिनी. बंद केली की मोडते, आतल्या कपाटासकट."

"पण मी सेव्ह केलं होतं, भावजी."

"त्याच कपाटात केलंत ना. म्हणजे सिस्टिम चोख चालतेय." त्याच्या आवाजात चक्क समाधान होतं.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"अहो, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. इतके दिवस वापरताय." त्याने लॅपटॉप अलगद आपल्याकडे फिरवला. "जाऊ दे. दुपारी मॅनेजर यायचाय. तुम्ही आठवून सांगा, मी काढतो. माझा हात भराभर चालतो."

"आणि आराखड्याखाली नाव?"

"काढणाऱ्याचंच घालावं लागतं. पुढच्या कामाला बघू तुमचं."

वहिनी सांगत गेल्या, दीर काढत गेला. मधेच त्याने विचारलं, "पुढचा पाइप किती उंचीवर?"

एक हात खाली सांगावा, असं वहिनींच्या मनात आलं. अगदी ओठांवर आलं. उद्घाटनाला भर सभागृहात पडदा त्या पाइपला अडकला असता आणि खालचं नाव सगळ्यांनी वाचलं असतं. पण त्या पाइपखाली कुणीतरी तोंडाला रंग लावून, वाक्यं घोकत उभं राहणार होतं.

त्यांनी बरोबर उंची सांगितली.

"शाब्बास, वहिनी," दीर मान न वळवता म्हणाला. "दादा म्हणायचाच, तुमची मदत फार होते."