भरलेला डबा

समोरचे काका पहाटे गेले. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून दुपारी मी पिठलं-भाताचा डबा घेऊन निघाले. माझ्या आधीच वरच्या मजल्यावरच्या कांबळेवहिनी डबा घेऊन त्यांच्या दारात उभ्या होत्या.

"राग मानू नका, पण आमच्यात चालत नाही," काकांची बहीण हात जोडून त्यांना म्हणाली.

सकाळी तिरडीला वहिनींच्या यजमानांनी खांदा दिला होता. खांदा चालला, भात चालत नाही.

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवू नये, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. वहिनींचा डबा भरलेलाच परत गेला. जिन्यातून त्या वळून बघतील म्हणून मी मान खाली घातली आणि माझा डबा आत दिला.