बदलायची राहिलेली टिप

त्या शुक्रवारी मला ओसाकाहून चारची शिंकान्सेन बुलेट ट्रेन गाठायची होती. शनिवारी तोक्योतल्या ओजिमाला लेकीच्या शाळेत उन्दोकाई, म्हणजे क्रीडादिन होता. दुसरीतली पोर पहिल्यांदाच रिलेत धावणार होती आणि मी नक्की येईन असं तिला तीनदा कबूल केलं होतं. ती आणि तिचा बाबा तोक्योत, मी इकडे ओसाकाच्या लॅबमध्ये पोस्टडॉक संशोधक. अशी संसाराची दोन टोकं सांभाळत दोन वर्षं झाली होती.

पेशी जनुकाची आरएनएमध्ये नक्कल करते, मग त्यातले नको ते तुकडे कापून उरलेले जोडते. मी एक रसायन घालून ही कापाकापी थांबवायची आणि पुढे काय बिघडतं ते बघायची. न कापलेला आरएनए लांब राहतो, जेलच्या थरातून विजेने सरकवला की मागे पडतो आणि त्याची पट्टी वर दिसते. तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींच्या बशीत रसायनाऐवजी नुसता द्रावक घालायचा. तिथे वरची पट्टी दिसता कामा नये.

दिसली. पुसट, पण दिसली.

मी चष्मा पुसला, फोटो पुन्हा काढला, लॅबमध्ये उगाच दोन फेऱ्या मारल्या. मग या प्रयोगासाठीच उघडलेला पिपेटच्या टोकाला लावायच्या प्लास्टिकच्या टिपांचा डबा आठवला. सहा बश्यांना सहा टिपा, म्हणजे सहा भोकं रिकामी हवीत. पाचच होती. रसायनाची टिप न बदलता मी तशीच द्रावकात बुडवली होती, आणि हे रसायन इतकं जहाल की थेंबाचा अंशही पुरतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं आई मला उगाच म्हणायची नाही.

सेन्सेई, म्हणजे आमचे प्राध्यापक, सोमवारी हेच चित्र जर्नलकडे पाठवणार होते. मी स्क्रीनवर फोटोचा उजेड जरासा कमी करून पाहिला. पट्टी गेली! क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच किळस आली.

सेन्सेईंना जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. फोटोकडे बघत म्हणाले, "मग शनिवार-रविवारात परत करता येईल ना?" इथे असं विचारतात तेव्हा उत्तर एकच असतं. ते मी दिलं.

लेकीला फोन लावला. ती रडेल, भांडेल म्हणून समजुतीची वाक्यं जुळवून ठेवली होती.

"बाळा, आईला उद्या नाही गं जमणार यायला."

"दाइजोबु," ती म्हणाली. म्हणजे चालेल, काही हरकत नाही. मग माझ्यासाठी मुद्दाम मराठीत, "कोण येणार ते लिहायच्या शाळेच्या कागदावर मी आधीच बाबाचं एकट्याचंच नाव लिहिलंय."